जपानचा नियम, सिंगापूरचा कोटा आणि कोथरूडचं निवेदन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या कोथरूडमधल्या तुमच्या गटाला महापालिका आयुक्तांना निवेदन द्यायचं आहे. गाडी घेण्याआधी पार्किंगचा पुरावा मागणारा जपानचा कायदा, गाड्यांच्या संख्येला आळा घालणारा सिंगापूरचा कोटा आणि नेदरलँड्ससारखे सायकलमार्ग, अशा तीन मागण्या त्यात आहेत. ‘हे देश करू शकतात तर आपण का नाही? लोकांना शिस्त नाही म्हणून, की सरकारला इच्छाशक्ती नाही म्हणून?’ असं तुम्ही विचारलंय.

मला दोन्ही कारणं पुरेशी वाटत नाहीत. शहरांच्या वाहतूक नियोजनात माझी सगळी नोकरी गेली, त्यातली बरीचशी पुण्यात. परदेशी उदाहरणांची सादरीकरणं मी असंख्य पाहिली, काही स्वतः केलीही. त्यांत फोटो असतात, आकडे असतात, स्वच्छ रस्ते असतात. दोन गोष्टी मात्र नेमक्या गळालेल्या असतात: त्या देशावर हा उपाय करायची वेळ कशामुळे आली, आणि तो चालावा म्हणून तिथे आधीपासून काय तयार होतं. या दोन गोष्टी तपासल्या की कुठला नियम इथे रुजेल आणि कुठला फाइलीतच राहील याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

जपानपासून सुरू करतो, कारण तशा नियमाची चर्चा महाराष्ट्रातही अधूनमधून वर येते. कायदा १९६२ सालचा. टोकियोत १९६४ ला ऑलिम्पिक व्हायचं होतं, मोटारी झपाट्यानं वाढत होत्या आणि जुन्या वस्त्यांतले रस्ते असे की एक गाडी उभी राहिली की गल्ली बंद. तेव्हा नियम केला की गाडी नावावर करायची तर ती ठेवायची जागा आधी दाखवा. आज ही जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि स्थानिक पोलीस ठाणं ती तपासून दाखला देतं. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी आपल्याकडच्या चर्चेत कुणी सांगत नाही. रात्री सलग आठ तासांहून जास्त वेळ रस्त्यावर एकाच जागी गाडी ठेवणं हाच मुळी गुन्हा आहे. म्हणजे समजा कुणी खोटा दाखला मिळवलाच, तरी रात्री गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न उरतोच. कायद्याचा खरा दम या दुसऱ्या तरतुदीत आहे, दाखल्यात नाही.

आता हे सगळं कशाच्या जिवावर चालतं ते बघा. टोकियोची यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे १९२५ सालीच पूर्ण झाली होती. पहिली भुयारी रेल्वे १९२७ ची. त्यामुळे १९६२ मध्ये सरकार ‘जागा नसेल तर मोटार घेऊ नका’ म्हणालं तेव्हा मोटार नसलेला माणूस कामावर कसा जाणार, याचं उत्तर जवळजवळ चाळीस वर्षं आधीपासून रुळांवर धावत होतं. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, आणि कोथरूडमधून हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला विचारा तो कशानं जातो ते. शिवाय जपानमध्ये महिन्याच्या भाड्यानं मिळणाऱ्या पार्किंगच्या जागा गल्लोगल्ली असतात. दोन घरांमधल्या उरलेल्या पट्टीवरही चार रेघा मारून मालक भाडं घेतो. तिथे जागेला किंमत आहे, म्हणून जागेचा पुरावा मागता येतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुण्यासाठी मुळीच बारीक नाही. जपानचा हा दाखला चारचाकीसाठी लागतो, मोटारसायकलसाठी लागत नाही. पुण्यात बहुसंख्य वाहनं दुचाकी आहेत. तो कायदा शब्दशः उचलला तर शहरातली बहुतेक वाहनं त्याच्या बाहेरच राहतील. दुचाकींनाही लावला तर मग तो जपानचा कायदा उरत नाही. तो आपला नवा कायदा होतो, आणि त्याची जबाबदारीही आपली.

आपण पार्किंगचा भार टाकलाय तो इमारतीवर. २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीत किती सदनिकांना किती गाड्यांची जागा सोडायची हे ठरवून दिलंय. गाडीवाल्याला कुणी काही विचारत नाही. नव्या इमारतींचं ठीक आहे, पण पेठांमधल्या वाड्यांचं काय? कोथरूडमधल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांचं काय, जिथे खाली चार चेतक स्कूटर उभ्या राहतील एवढाच हिशेब होता? त्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येणार नाही, ती सोसायटीची सामाईक. निर्णय रहिवाशांच्या बाजूचा आणि योग्यच. पण त्याचा अर्थ असाही होतो की उद्या पुरावा मागितला तर तो द्यायचा सोसायटीच्या सेक्रेटरीनं. ज्या माणसाला संध्याकाळी त्याच सभासदांसोबत जिन्यात उभं राहायचंय तो कुणाला नाही म्हणेल? दहा जागांवर पंचवीस पत्रं निघतील आणि सगळ्यांवर शिक्का खरा असेल.

सिंगापूरचं उदाहरण तर मी निवेदनातून सरळ काढा असंच म्हणेन. त्याचं क्षेत्रफळ साधारण ७३० चौरस किलोमीटर, आणि एवढ्यातच पूर्ण देश: बंदर, विमानतळ, लष्कराचे तळ, पाण्याचे तलाव, घरं, सगळं. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा आहे, त्यात वीस सिंगापूर मावून जागा उरेल. जमीन इतकी तुटपुंजी म्हटल्यावर रस्ता रुंद करणं हा पर्यायच नव्हता. १९७५ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागात मोटार आणायला पैसे लावले, १९९० पासून कोटा आणला. मोटार विकत घेण्याआधी लिलावात दहा वर्षांचा परवाना घ्यायचा. २०२३ मध्ये या परवान्याचीच किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. मोटारीचे पैसे वेगळे.

हे तिथले लोक सहन करतात, कारण दुसऱ्या हातानं सरकारनं बरंच काही दिलंय. सुमारे ऐंशी टक्के रहिवासी सरकारी मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात, त्या घरांच्या आसपास बस आणि रेल्वे आहे, आणि जवळपास नव्वद टक्के जमीन सरकारच्या मालकीची आहे. १९५९ पासून एकच पक्ष सत्तेत आहे, त्यामुळे आज कडू निर्णय घेऊन पंधरा वर्षांनी त्याचं श्रेय घ्यायला तोच माणूस किंवा त्याचाच वारस खुर्चीत असतो. आपल्याकडे बाजारभावानं फ्लॅट घ्या, त्यावर वीस वर्षांचं कर्ज फेडा, पाण्याला टँकर तुम्ही आणा, आणि आता मोटारही घेऊ नका? हे सरकार कुठल्या तोंडानं सांगणार?

व्यवहाराची अडचण त्याहून साधी. सिंगापूर बेट आहे, मलेशियातून जमिनीनं आत यायला दोनच रस्ते. पुण्यात एमएच-१२ चा कोटा संपला तर कोथरूडचा माणूस चिंचवडच्या भावाच्या पत्त्यावर एमएच-१४ घेईल, साताऱ्याच्या मामाच्या पत्त्यावर एमएच-११ घेईल, आणि गाडी उभी राहील तुमच्याच गेटसमोर.

टंचाई एकच असली तरी वाटपाची पद्धत मूल्यांप्रमाणे कशी बदलते, याचं मला आवडणारं उदाहरण चीनचं आहे. शांघाय नंबर प्लेटचा लिलाव करतं. बीजिंगनं २०११ पासून सोडत काढली. देश एक, पक्ष एक, प्रश्न एक. एका शहरानं ठरवलं की ज्याच्याकडे पैसा त्याला मिळू दे, पैसा सार्वजनिक तिजोरीत येईल. दुसऱ्यानं ठरवलं की नशिबापुढे श्रीमंत-गरीब सारखे. दोन्ही पद्धतींना आपल्या खोडी आहेत. सोडतीत गरज नसलेलाही अर्ज करतो, लिलावात गरज असलेला मागे पडतो. आपल्याकडे कोटा आलाच तर काय होईल? म्हाडाच्या घरांना सोडत आपण बिनतक्रार मान्य केली आहे, आणि आरटीओत चॉइस नंबरला लाखाच्या बोलीसुद्धा. माझा अंदाज, पहिल्याच अधिवेशनात सवलतींची यादी निघेल: शेतकरी, माजी सैनिक, पत्रकार, लोकप्रतिनिधी. हे मी थट्टेनं म्हणत नाही. कोणाला आधी द्यायचं याचं उत्तर आपण बहुधा वर्गवारीनं देतो, आणि त्यामागे आपला स्वतःचा इतिहास आहे.

बरं, हे निवेदन तुम्ही ज्यांना देणार आहात त्यांच्या हातात काय आहे? वाहन नोंदणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली, तो केंद्राचा. आरटीओ राज्याच्या परिवहन खात्याची. चौकातला वाहतूक पोलीस गृहखात्याचा. बस पीएमपीएमएल या कंपनीची, जी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून झाली. मेट्रो महामेट्रोची, हिंजवडीची मार्गिका पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. महापालिकेकडे उरतात रस्ते, पदपथ आणि पार्किंग शुल्क. आयुक्त राज्य सरकार नेमतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षं महापालिकेवर प्रशासकच होता. सिंगापूरशी तुलना करताना आपण शहराची शहराशी करतो, पण तिथे निर्णय घेणारा एक असतो आणि इथे सात. सातही जण आपापल्या परीनं बरोबर वागतात आणि रस्ता तसाच तुंबलेला राहतो.

याचा सगळ्यात महागडा धडा पुण्यानं बीआरटीत, म्हणजे बससाठी वेगळ्या राखलेल्या मार्गिकांत, घेतला. कोलंबियाच्या बोगोटा शहरानं डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनिओ ही अशी बससेवा सुरू केली आणि जगभरातले नियोजक तिथे रांगा लावून गेले. पुण्यानं २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला प्रायोगिक मार्ग केला. कल्पना चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण बोगोटात काय होतं? लोकांनी थेट निवडलेला महापौर, ज्याच्या हातात शहराचा कारभार आणि तिजोरी दोन्ही. पेट्रोलवरच्या अधिभारातून येणारा स्थानिक पैसा. आधीच्या खासगी बसमालकांचा असा गोंधळ, की प्रवाशामागे पैसे मिळतात म्हणून चालक शर्यती लावत, त्यामुळे लोकांना बदल हवाच होता. आणि रस्त्यावर दुचाकी फार नव्हत्या. आपल्याकडे पैसा आला जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून, म्हणजे दिल्लीहून, आणि तो बांधकामाला आला. रस्ता खणायला, थांबे उभारायला, बस घ्यायला पैसे होते. ती मार्गिका रोज सकाळी मोकळी ठेवायला लागणारे वॉर्डन, वेळेवर धावणारी बस, स्टेशनपर्यंत जाणारा पदपथ, यांना कुणी वाली नव्हता. आणि मोकळी मार्गिका दिसली की दुचाकी आत शिरणारच, कारण शेजारच्या रांगेत ती पाऊण तास उभी आहे. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका उखडून टाकली. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या मार्गिका मात्र टिकल्या. तिथले रस्ते मुळात रुंद आखलेले होते, एवढा फरक पुरला. म्हणजे बोगोटा तर लांबच, पुणे आणि पिंपरी या लागून असलेल्या दोन महापालिकांतही एका उपायाची दोन आयुष्यं झाली.

दुचाकीबद्दल जरा थांबतो, कारण तुमच्या पत्रात ‘दुचाकींचा सुळसुळाट’ असा शब्द आहे. सत्तरच्या दशकातलं पुणे सायकलींचं होतं. तिथून ते स्कूटरवर गेलं त्याला बसची कमकुवत सेवा आणि पसरत गेलेलं शहर कारणीभूत आहेच. पण रात्री नऊला क्लास किंवा शिफ्ट संपवून, स्कार्फ बांधून, कुणाची वाट न बघता घरी जाणारी मुलगी हे या शहराचं खरं वेगळेपण आहे. भारतातल्या फार थोड्या शहरांत हे इतकं सर्रास दिसतं. दुचाकीवर निर्बंध आणणारं कुठलंही धोरण पुण्यात पहिला घाव या मोकळीकीवर घालेल. चारचाकीवाला नवरा ऑफिसला जाईलच. तिची स्कूटी थांबेल. सिंगापूरच्या धोरणकर्त्याला हा विचार करावा लागला नाही, कारण तिथे रात्री नऊला रेल्वे आहे आणि तिनं जाणं सुरक्षित आहे. आपल्याला करावा लागेल.

नेदरलँड्सबद्दल थोडक्यात. ‘डच लोकांच्या रक्तातच सायकल’ ही दंतकथा आहे. साठच्या दशकात तिथेही मोटारींसाठी चौक मोकळे केले जात होते, मोठे रस्ते काढायच्या योजना होत्या. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्ते अपघातांत ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यांत ४०० हून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि सरकारनं रविवारी मोटारी बंद ठेवल्या. सपाट जमीन होतीच, जुनी सवयही होती, पण निर्णय झाला तो राग आणि टंचाई एकदम आल्यामुळे. पुण्यानं २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तो कागद म्हणून वाईट नाही. त्याच्यामागे कुणाचाच राग नव्हता. सायकलमार्गावर भाजीची गाडी आणि पार्क केलेल्या मोटारी दिसतात त्या म्हणून.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण तो तुमच्या गटातल्या कुणाला तरी सुचेलच: बस फुकट करा, एस्टोनियातल्या टॅलिननं केली तशी. टॅलिननं २०१३ पासून शहरात नोंद असलेल्या रहिवाशांना बस मोफत केली, हे खरं. पण त्या देशात माणसाच्या प्राप्तिकराचा काही हिस्सा तो जिथे नोंदलेला आहे त्या पालिकेला मिळतो. शहरात राहणारे पण नोंद गावाकडे असलेले हजारो लोक मोफत पासासाठी शहरात नाव नोंदवायला आले आणि पालिकेचा कर वाढला. पुण्यात तुम्ही भरलेल्या प्राप्तिकरातला रुपयाही थेट महापालिकेकडे येत नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीच्या भरपाईचं अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क यांवर घर चालतं. मग बस मोफत केल्यावर तो खड्डा कुठून भरायचा?

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे बाहेरचं काहीच चालत नाही. तसं नाही. आपल्या परिस्थितीतून निघालेलं धोरण किती पक्कं उभं राहतं याचा नमुना महाराष्ट्राकडेच आहे, आणि वाहतुकीशी त्याचा काही संबंध नाही. रोजगार हमी. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये गरिबीवर जो अभ्यास मांडला त्यात सार्वजनिक कामं काढून रोजगार पुरवण्याचा आग्रह होता. १९७२ चा दुष्काळ पडला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली होती, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

तिची रचना बघा. स्वीडनसारख्या देशात सरकारला प्रत्येकाचं उत्पन्न ठाऊक असतं, त्यामुळे कुणाला मदत द्यायची हे कागदावर ठरतं. १९७२ च्या महाराष्ट्रात कुठल्या तलाठ्याला खरा गरीब कोण ते यादीत लिहायला सांगितलं असतं तर यादी कशी झाली असती हे वेगळं सांगायला नको. म्हणून यादीच केली नाही. मागेल त्याला काम, पण काम उन्हात खडी फोडायचं आणि मजुरी बेताची. ज्याला गरज नाही तो येणारच नाही. सरकारकडे माहिती नाही, ही उणीव धरूनच रचना केली. पैसा आणला शहरातून, १९७५ च्या व्यवसाय करातून. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात ते मूळचे यासाठीचे. मुंबई-पुण्याच्या नोकरदारानं दुष्काळी तालुक्यातल्या मजुराचा भार उचलायचा, हा मूल्यांचा निर्णय होता आणि विधिमंडळानं तो उघडपणे घेतला. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रकं निघाली, बांधलेले रस्ते वाहून गेले. तरीही २००५ मध्ये देशाचा कायदा करताना दिल्लीनं याच अनुभवाकडे पाहिलं. तिथे पुन्हा तेच झालं: केरळात या कामांवर बहुसंख्य बायका आल्या, काही राज्यांत ठेकेदारांनी यंत्रं लावली. कायद्याचं पुस्तक एकच होतं.

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही माझं उत्तर उद्या कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकाल. ‘आपली परिस्थिती वेगळी आहे’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत फार स्वस्त झालंय. हेल्मेट घ्या. पुण्यानं हेल्मेटसक्तीला जितक्या कृती समित्या काढून विरोध केला तितका क्वचितच कुठल्या शहरानं केला असेल. वेग कमी असतो, मान दुखते, केस गळतात, चोरीला जातं. पण डांबरावर आपटलेल्या कवटीला पिन कोड नसतो. इथे परिस्थितीचा मुद्दा लागू नाही. मूल्यांचा लागू आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडता येतो: अमेरिकेत न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही, कारण स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क माणसाला आहे असं त्यांचं मत. ब्रिटननं १९७६ मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना कायद्यानं सूट दिली, आपल्या मोटार वाहन कायद्यातही ती आहे. कुणाला पटो न पटो, यांतला प्रत्येक निर्णय कारण सांगून घेतलेला आहे. पुण्यात कायदा आहे, सक्ती जाहीर होते, चार दिवस पावत्या फाडल्या जातात, मग आमदारांची बैठक होते आणि सगळं शांत. सक्ती रद्दही नाही, लागूही नाही. याला मी धोरणच म्हणत नाही.

म्हणून मी जरा वेगळं उदाहरण सुचवतो. स्टॉकहोमचं. तिथे शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावायला बहुसंख्य लोकांचा विरोध होता. त्यांनी ऑगस्ट २००५ पासून आधी जादा बस सोडल्या. मग जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क प्रयोग म्हणून लावलं. वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली, ती लोकांनी डोळ्यांनी पाहिली. प्रयोग बंद केला, गर्दी परत आली, तीही पाहिली. सप्टेंबरमध्ये शहरात सार्वमत घेतलं, निसटत्या बहुमतानं होकार मिळाला, आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. विरोध करणारी माणसं तीच होती, त्यांचं मत बदललं. स्वीडनचं शुल्क आपल्याला जमणार नाही, त्यांचे कॅमेरे आणि नोंदी आपल्याकडे नाहीत. हा क्रम मात्र जमण्यासारखा आहे: आधी सोय, मग मुदतीचा प्रयोग, मग लोकांना विचारणं. पुण्यानं २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं तेव्हा क्रम उलटा झाला. दर आधी जाहीर झाले, सोय नंतर होणार होती. विरोध होऊन ते मोजक्या रस्त्यांपुरतं आखडलं आणि तिथेही नीट सुरू झालं नाही.

तेव्हा निवेदनात तीन देशांच्या नावांऐवजी एकच मागणी ठेवा. कोथरूडमधले आतले पाच-सहा रस्ते निवडा, पौड रस्ता आणि कर्वे रस्ता सोडून. त्या रस्त्यांवर रात्री उभ्या राहणाऱ्या चारचाकींना सहा महिन्यांसाठी शुल्क लावा, दुचाकींना नको. ही जपानच्या कायद्यातली दुसरी तरतूद आहे, गुन्ह्याऐवजी शुल्काच्या रूपात, आणि ती बरीचशी महापालिकेच्याच अधिकारात बसते. त्याआधी दोन महिने त्या भागातून मेट्रो स्टेशनपर्यंत छोट्या बस दर दहा मिनिटांनी सोडायला पीएमपीएमएलला सांगा. जमा होणारी रक्कम त्याच प्रभागाच्या पदपथांवर खर्च होईल असं लेखी मागा, कारण मुख्य तिजोरीत गेलेला पैसा परत दिसत नाही. प्रयोगाआधी आणि नंतर रात्री अकराला गाड्या मोजायचं काम तुमच्या गटानं स्वतः अंगावर घ्यावं. आकडे तुमचे असले तर बैठकीत तुमचं ऐकलं जातं. शेवटी सोसायट्यांकडून मतं मागवा. सार्वमताची तरतूद आपल्याकडे नाही, पण दोनशे सोसायट्यांचे ठराव आयुक्तांना डावलता येत नाहीत, आणि नगरसेवकाला तर त्याहून नाही.

प्रती वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना आणि पीएमपीएमएलच्या अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालकांना द्या. नाहीतर आयुक्त कार्यालय निवेदन ‘पुढील कार्यवाहीसाठी’ म्हणून त्यांच्याकडेच पाठवेल आणि त्यात तीन महिने जातील. आणि सह्यांच्या रकान्याशेजारी एक रकाना वाढवा: सही करणाऱ्याची स्वतःची गाडी रात्री कुठे उभी असते. वाहतूक शाखेचा पहिला प्रश्न तोच असणार आहे.